छोटा डिजिटल कॅमेरा अडून बसला की काय काय तपासायचं

जुने छोटे डिजिटल कॅमेरे परत कपाटातून बाहेर निघायला लागलेत. कुणी सेकंडहँड घेतंय, कुणाला ड्रॉवर आवरताना सापडतोय, आणि मग तक्रारी ठरलेल्याच, चालूच होत नाही, चालू होतो पण लेन्स अडकते, फोटो निघतो पण नंतर कार्डात दिसत नाही, सगळे फोटो पिवळे येतात. यातल्या कितीतरी वेळा कॅमेरा ठणठणीत असतो हो. दोष बॅटरीत असतो, कार्डात असतो, नाहीतर कुणीतरी मागे कधीतरी बदलून ठेवलेल्या सेटिंगमध्ये असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी दुसरी चार्ज केलेली बॅटरी, मग कार्ड काढून बघायचं, मग मेन्यूत जाऊन सगळं रिसेट, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीन गोष्टी एकदम केल्या आणि झाला चालू तर कशामुळे झाला ते कळतच नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून शोधाशोध.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, स्क्रू काढून कॅमेरा उघडू नका. फ्लॅश असलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात एक कपॅसिटर असतो, तो ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि बॅटरी काढली तरी बराच वेळ तसाच भरलेला राहतो. बोट लागलं तर चांगलाच झटका बसतो. आकाराने छोटा आहे म्हणून आत काही नसेल असं समजू नका.

चालूच होत नाही

पहिला संशय बॅटरीवर. चपटी लिथियम आयन बॅटरी असेल तर तिच्यावर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं, पूर्ण चार्ज झाली की ती ४.२ पर्यंत जाते. कित्येक वर्षं पडून राहिली तर आपोआप उतरत उतरत इतकी खाली जाते की आतलं सुरक्षा सर्किट तिला बंदच करून टाकतं. मग चार्जरवर लावली की दिवा भराभर लुकलुकतो, किंवा दोन मिनिटांत फुल झाल्याचं दाखवतो आणि कॅमेऱ्यात घातली की मेलेली. कधीकधी ओरिजिनल चार्जरवर थोडा वेळ ठेवून, काढून परत लावली की शुद्धीवर येते. नाही आली तर सोडून द्या, नवीन घ्या. दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून धक्का देऊन उठवायचे प्रकार लोक करतात ते करू नका, लिथियम बॅटरी पेटते. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टेबलावर ठेवल्यावर डुगडुगते किंवा कॅमेऱ्यातून निघताना अडकते, तर ती चार्ज अजिबात करायची नाही आणि कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यायची.

बॅटरी चांगली आहे तरी चालू होत नाही? मग ती उलटी नाही ना बघा. हसू नका, कितीतरी मॉडेलमध्ये बॅटरी उलटी पण आत जाते आणि झाकणही व्यवस्थित बंद होतं. कप्प्यात एक छोटी रंगीत खिटी असते, बॅटरी बरोबर बसली की ती टक् करून बॅटरीवर येते. ती आली नाही म्हणजे बसलेली नाही.

नंतर झाकण. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या कडेला प्लास्टिकचं एक बारीक टोक असतं, तांदळाच्या दाण्याएवढं. झाकण बंद झालं की ते टोक कॅमेऱ्यातल्या एका फटीत जाऊन छोटा स्विच दाबतं आणि तेव्हाच कॅमेऱ्याला कळतं की झाकण लागलंय. ते टोक तुटलं, झिजलं, किंवा झाकणाची कडी सैल झाली की कॅमेरा चालूच होणार नाही, किंवा मध्येच बंद पडेल. तपासायला सोपं आहे, झाकण बोटाने घट्ट दाबून धरा आणि चालू करा. झाला चालू तर रोग सापडला. जाड रबर बँड किंवा चिकटपट्टी लावून वर्षानुवर्षं वापरता येतो, दिसायला बरं दिसत नाही एवढंच.

डबल ए सेलवर चालणारे कॅमेरे असतील, कॅननची पॉवरशॉट ए सिरीज किंवा निकॉनचे कूलपिक्स एल वगैरे, तर त्यांचं वेगळं प्रकरण आहे. लेन्स बाहेर येताना आणि फ्लॅश चार्ज होताना कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो आणि घड्याळात चालणारे साधे सेल तिथे दम तोडतात. अल्कलाइन सेल नवा असतो तोवर १.५ व्होल्ट देतो पण लोड आला की व्होल्टेज पडतं, म्हणून चार-पाच फोटोंत 'बॅटरी बदला' येतं आणि लोक म्हणतात कॅमेरा बॅटरी खातो. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल कागदावर १.२ व्होल्टच असतो पण लोडखाली टिकून राहतो, या कॅमेऱ्यांना तोच लावायचा, २००० एमएएच किंवा त्याच्या वरचा. जुना नवा एकत्र घालायचा नाही. काही कूलपिक्समध्ये मेन्यूत बॅटरीचा प्रकार निवडायचा ऑप्शन असतो, तो चुकीचा ठेवलेला असेल तर बॅटरीचा अंदाज चुकतो, तेही बघून घ्या.

कप्प्यात पांढरी-हिरवी पूड दिसली तर आत सेल फुटून गळलेला आहे. इअरबडला थोडं व्हिनेगर लावून ती पूड पुसायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने परत पुसायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. नुसती कळकट दिसणारी धातूची पट्टी असेल तर साधा पेन्सिलचा खोडरबर पुरतो, फक्त खोडरबराचा भुसा आत पडू देऊ नका.

दर वेळी चालू केल्यावर तारीख विचारत असेल तर ते घड्याळाच्या छोट्या बॅटरीचं काम आहे, दोष मुख्य बॅटरीचा नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती आतच असते आणि मुख्य बॅटरीवरूनच चार्ज होते, म्हणून फुल चार्ज बॅटरी घालून कॅमेरा एक दिवस तसाच ठेवा, मग तारीख घाला. पॉवरशॉट ए सिरीजच्या काही मॉडेलमध्ये मात्र वेगळा नाण्यासारखा सेल असतो आणि तो बाहेरून बदलता येतो.

लेन्स एरर

हा सगळ्यात कुप्रसिद्ध. कॅननवर 'लेन्स एरर, रिस्टार्ट कॅमेरा', त्याच्या आधीच्या मॉडेलवर नुसतं ई१८, सोनीवर सी:३२ किंवा ई:६१ ने सुरू होणारा कोड, कुठे नुसतं सिस्टिम एरर. अर्थ साधारण एकच, लेन्सच्या नळ्या जिथे पोचायला पाहिजेत तिथे पोचल्या नाहीत किंवा फोकसची मोटर अडकली. चांगले कॅमेरे याच ठिकाणी कायमचे जातात, कारण माणूस घाबरून लेन्स ढकलतो आणि आतल्या प्लास्टिकच्या बारीक गिअरचा दात तुटतो. तोवर बिघाड फक्त वाळूच्या कणाचा असतो.

लेन्सला हात लावायच्या आधी कार्ड बाहेर काढून फोटो कॉम्प्युटरवर घ्या. फोटो कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत असतील तर पॉवर बटणाऐवजी प्लेबॅकचं बटण दाबून धरा, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याने लेन्स न उघडता कॅमेरा चालू होतो आणि फोटो बघता, कॉपी करता येतात. लेन्स अडकली तरी फोटो अडकत नाहीत.

आता कारण शोधू. एक, बॅटरी अर्धमेली, लेन्स निम्मी बाहेर आली आणि पॉवर संपली. म्हणून फुल चार्ज बॅटरी घालून, कार्ड काढून, परत चालू करा, कित्येकदा इथेच सुटतं. दोन, बॅगेत किंवा खिशात चुकून पॉवर बटण दाबलं गेलं आणि लेन्सला बाहेर यायला जागाच नव्हती, मोटर कापडाशी झगडत राहिली. तीन, वाळू किंवा धूळ नळ्यांच्या फटीत. चार, पडला.

वाळूचं असेल तर कॅमेरा लेन्स खाली करून धरा आणि रबरी ब्लोअरने नळीच्या भोवतीच्या फटीत हवा मारा. डब्यातली दाबाची हवा जवळून मारू नका, कण आणखी आत जातो आणि कधीकधी तो गार द्रवही बाहेर येतो. मग पातळ कागदाची पट्टी घ्या, व्हिजिटिंग कार्ड जाड होतं, साधा वहीचा कागद चालतो, ती दोन नळ्यांच्या फटीत हलकेच सरकवून गोल फिरवा, परत हवा मारा. लेन्सचं तोंड खालीच ठेवून चालू करा म्हणजे वजनाने नळी बाहेर यायला मदत होते आणि सुटलेला कण बाहेर पडतो. हे दोन-तीन वेळा करायला हरकत नाही. मोटरचा आवाज मात्र नीट ऐका, कुरकुर करत सरकायचा प्रयत्न होत असेल तर आशा आहे, नुसता टकटकटक आवाज येत राहिला आणि नळी जागची हलत नसेल तर गिअर घसरतोय, मग थांबा.

पडल्यावर एरर आला असेल तर समोरून बघा, नळीच्या भोवतीची फट सगळीकडून सारखी आहे का. एका बाजूला जास्त आणि एका बाजूला जवळजवळ चिकटलेली दिसली तर नळी खोबणीतून सुटून तिरकी झालीय. रुतलेली बाजू हलक्या हाताने वर उचलत, दोन्ही अंगठ्यांनी नळी सरळ करायचा प्रयत्न करतात, जागेवर आली की बारीक टक् असा आवाज येतो. पण हा उपाय फक्त तेव्हा, जेव्हा तुम्ही कॅमेरा दुरुस्तीला नेणारच नसाल, कारण बिघडलं तर पूर्ण बिघडतं. वॉरंटीतला किंवा महागातला कॅमेरा असेल तर हात लावू नका.

लेन्सच्या तोंडावरच्या पातळ पाकळ्या अर्धवट उघडतात आणि फोटोच्या कोपऱ्यात काळं येतं, ते त्या मानाने किरकोळ आहे. पाकळ्यांच्या कडेला चिकट काहीतरी असतं, लेन्स पुसायच्या मऊ कापडाचं टोक अगदी किंचित ओलं करून कडा पुसा, आणि तोवर बोटाने नाजूकपणे उघडून फोटो काढा.

कार्ड आणि गायब फोटो

'कार्ड लॉक्ड' आलं तर कार्डाच्या कडेची छोटी सरकपट्टी बघा. ती नुसतं प्लास्टिक असते, कार्डाच्या आत तिचा कशाशीही संबंध नसतो, कॅमेऱ्याच्या खाचेतला एक स्विच ती पट्टी कुठे आहे ते चाचपून बघतो. त्यामुळे पट्टी सैल होऊन कार्ड आत घालतानाच खाली सरकते आणि कार्ड लॉक दाखवतं. पट्टी तुटून पडली तर कार्ड कायमचं लॉक, कारण रिकामी खाच म्हणजे लॉक असंच कॅमेरा धरतो. उपाय म्हणजे त्या खाचेवर पातळ चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा, सोनेरी पट्ट्यांवर जाऊ देऊ नका. डेटा वाचवला की कार्ड बदला मात्र.

कार्ड नवं आहे तरी कॅमेरा ओळखत नाही, हा जुन्या कॅमेऱ्यांचा नेहमीचा घोळ. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, एसडीएचसी त्याच्या वर ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी त्याच्याही वर. एसडीएचसी आलं २००६ मध्ये आणि एसडीएक्ससी २००९ मध्ये, त्यामुळे २००४-०५ चा कॅमेरा ३२ जीबीचं कार्ड घेणारच नाही, आकार तोच असला तरी. अशा कॅमेऱ्याला २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड शोधा. २००८ ते २०१० च्या आसपासच्या कॅमेऱ्याला ८ किंवा १६ जीबीचं एसडीएचसी घाला, उगाच ६४ कशाला. कार्ड चालतंय पण मध्येच एरर येत असेल आणि तुम्ही मायक्रो एसडी ॲडॅप्टरमध्ये घालून वापरत असाल तर संशय ॲडॅप्टरवर घ्या, तिथे कॉन्टॅक्ट सैल पडतो. आणि काही जुन्या ऑलिंपस, फुजीफिल्मना एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक, तिथे एसडी बसतच नाही. कॅमेरा विकत घेताना आधी हे बघा, कार्ड मिळवणं हीच मोठी डोकेदुखी होऊन बसते.

फोटो काढले पण कॉम्प्युटरवर कार्डात काहीच नाही? घाबरू नका, ते बहुतेक कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत गेलेत. कार्ड नीट बसलं नव्हतं किंवा घातलंच नव्हतं, तर बरेच कॅमेरे गुपचूप आत साठवतात आणि नंतर कार्ड घातलं की आतले फोटो दाखवतच नाहीत. कार्ड काढा, प्लेबॅक दाबा, दिसतील. मेन्यूत 'कॉपी' नावाचा ऑप्शन असतो त्याने ते कार्डावर घेता येतात.

चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालं असेल तर त्या क्षणापासून त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, फोटोचा डेटा तिथेच असतो, जोवर त्याच्यावर नवीन काही लिहिलं जात नाही तोवर. कार्ड काढा, लॉकची पट्टी लावा, कार्ड रीडरमध्ये घाला आणि फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रॅमने शोधा. सापडलेले फोटो परत त्याच कार्डावर सेव्ह करू नका, कॉम्प्युटरच्या डिस्कवर करा, ही चूक सगळ्यात जास्त होते. फोटोंची नावं जातात, तारखा बहुतेक फाइलच्या आत असतात त्या राहतात.

एक विचित्र एरर आहे, कार्ड रिकामं आहे तरी म्हणतो फोल्डर बनवता येत नाही किंवा नावाची चूक. कॅमेऱ्यांचे फोल्डर १०० ते ९९९ आणि फोटोंचे नंबर ०००१ ते ९९९९ असेच चालतात. दुसऱ्या कॅमेऱ्यातलं किंवा कॉम्प्युटरवर फोल्डर बदललेलं कार्ड घातलं आणि त्यात ९९९ नंबरचं फोल्डर असलं की कॅमेरा तिथून पुढे मोजायला जातो आणि नंबर संपतात. फाइल नंबरिंग 'रिसेट' करा आणि मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, फोटो आधी काढून घेऊन. कार्ड फॉरमॅट करायचं ते नेहमी कॅमेऱ्यातच करा असं माझं मत आहे, कॉम्प्युटरवर केलेलं कधी चालतं कधी नाही. तसंच कॉम्प्युटरवर नाव बदललेला किंवा एडिट केलेला फोटो परत कार्डावर टाकला तर कॅमेरा तो दाखवत नाही, त्यात कार्डाचा दोष नाही.

फोटो खराब येतात

इथे आधी एक फरक करा. कार्डावरचा एखादा जुना चांगला फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर उघडा. जुना फोटो नीट दिसतो पण समोरचं दृश्य काळं किंवा पट्टेरी, तर घोळ शटरचा (प्रकाश आत सोडणारा पडदा) किंवा सेन्सरचा (प्रकाश टिपणारी आतली चिप). जुना फोटोही दिसत नाही, मेन्यूही दिसत नाही, तर स्क्रीन गेलीय, कॅमेरा फोटो बहुतेक बरोबरच काढत असेल. आणि सगळ्यात आधी डिस्प्लेचं बटण दाबून बघा, काही मॉडेलमध्ये त्याने स्क्रीन मुद्दाम बंद होते.

ब्लर फोटोंची तक्रार सगळ्यात जास्त आणि त्यात कॅमेऱ्याचा दोष सगळ्यात कमी. मोबाइलची सवय लागली की लोक बटण एकदम दाबतात. इथे अर्धं दाबायचं, हिरवी चौकट येईपर्यंत थांबायचं, मग पूर्ण. चौकट लाल किंवा पिवळी राहिली म्हणजे फोकस झालाच नाही. स्क्रीनवर फुलाचं चिन्ह दिसतंय का बघा, ते मॅक्रो मोड आहे, चुकून चालू राहिला की लांबचं धूसर येऊ शकतं. आणि उलट, साध्या मोडमध्ये एक फुटावरची वस्तू फोकसच होत नाही, बऱ्याच कॅमेऱ्यांना ४०-५० सेंटिमीटर तरी अंतर लागतं.

घरात, संध्याकाळी, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढला की शटर १/८ सेकंदापर्यंत उघडं राहतं, तेवढ्यात हात हलतोच. झूम केलं की आणखी वाईट, कारण झूमवर लेन्समधून येणारा प्रकाशही कमी होतो, झूम न करता एफ २.८ असलेली लेन्स पूर्ण झूमवर ५.९ होते, आणि हा आकडा वाढला की प्रकाश कमी. आत स्टॅबिलायझर असला तरी तो तुमचा हात सांभाळतो, समोर पळणाऱ्या मुलाला सांभाळत नाही. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवला तर दाणे दिसतात, त्यालाही इलाज नाही, या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो, ८०० च्या पुढे त्याची कुवत संपते. डिजिटल झूम मेन्यूतून बंदच करून टाका.

तरी शंका असेल तर ही चाचणी करा. लेन्स मायक्रोफायबरने पुसा, बोटाचा तेलकट ठसा हे अर्ध्या धुरकट फोटोंचं कारण असतं. दिवसाच्या उजेडात, आयएसओ १०० वर, कॅमेरा टेबलावर ठेवून, दोन सेकंदांच्या टायमरवर एखाद्या पसरलेल्या वर्तमानपत्राचा किंवा पुस्तकांच्या रांगेचा समोरून फोटो काढा. सगळीकडे नीट आला तर कॅमेरा चांगला आहे. एकच बाजू धूसर आली तर कॅमेरा कधीतरी पडलाय आणि आतली लेन्स तिरकी आहे, ते घरी सुटत नाही.

फ्लॅशच्या फोटोत पांढरे गोल गोल ठिपके येतात त्याबद्दल लोक काय काय कल्पना करतात. ती हवेतली धूळ किंवा पावसाचे थेंब असतात, छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो म्हणून जवळचे कण चमकतात. डोळे लाल येतात तेही याच शेजारामुळे. फ्लॅश पेटतच नसेल तर चिन्हावर काट आहे का, बर्स्ट मोड, म्हणजे एकामागून एक फोटो काढायचा, चालू आहे का, बॅटरी कमी आहे का, या क्रमाने बघा. आणि फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटर, झूमवर त्याहूनही कमी, स्टेजवरचा माणूस मागच्या रांगेतून उजळणार नाही.

प्रत्येक फोटोत एकाच जागी काळपट डाग, विशेषतः मोकळ्या आकाशात आणि झूम केल्यावर, म्हणजे धूळ सेन्सरवर बसलीय. पांढऱ्या भिंतीचा झूम करून फोटो काढला की स्पष्ट दिसते. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड लेन्सला लावून ओढायचा उपाय प्रसिद्ध आहे, काहींचं काम होतं, काहींची लेन्सच बसते, मी तो सांगणार नाही. डाग काळपट नसून लाल-निळा चमकता टिंब असेल आणि रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्येच दिसत असेल तर तो हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा एक बिघडलेला ठिपका, त्याकडे दुर्लक्ष करा.

बाहेर उन्हात फोटो पूर्ण पांढरे, त्यात आडव्या रेघा, आणि घरात बरे येतात, हे अडकलेल्या शटरचं लक्षण. शटर उघडंच राहतं. कायम काळे आले तर बंद राहिलंय. लेन्स बाहेर असताना नळीच्या बाजूला बोटाने हलके टिचकी मारून बघतात, कधी सुटतं, पण फार दिवस टिकत नाही.

जांभळं, वाकडंतिकडं, टीव्हीला सिग्नल नसल्यासारखं चित्र येत असेल आणि कॅमेरा २००२ ते २००४ च्या आसपासचा असेल तर ते वेगळं प्रकरण. त्या काळातल्या सोनीच्या काही सीसीडी (सेन्सरचा एक प्रकार) सेन्सरच्या आतली जोडणी सुटायची, उष्ण आणि दमट हवेत जास्त, आणि २००५ च्या शेवटी सोनी, कॅनन, निकॉनसह अनेक कंपन्यांनी ते फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं होतं. असा जुना कॅमेरा घेताना चालू करूनच घ्या. सूर्याकडे धरल्यावर स्क्रीनवर उभी जांभळी रेघ येणं मात्र सीसीडीचा स्वभाव आहे, बिघाड नाही.

रंग बिघडले असतील तर तपासायला वेळ घालवू नका, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, भलत्याच चिन्हावर राहिलाय, नाहीतर एक्स्पोजरचं, म्हणजे फोटो उजळ-काळा करायचं, प्लस मायनस कुठेतरी +२ वर अडकलंय, नाहीतर कलर मोड. मेन्यूत 'रिसेट ऑल' करा आणि मोकळे व्हा.

उरलेलं थोडक्यात

यूएसबी लावून कॉम्प्युटरला कळत नसेल तर केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही. जुन्या कॅमेऱ्यांची ८ पिनची खाच मिनी यूएसबीसारखी दिसते पण ती वेगळी असते, दाबून घालू नका. खरं सांगायचं तर कार्ड रीडर घ्या, विषय संपतो.

व्हिडिओ मध्येच थांबतो तो कार्ड हळू असल्याने, क्लास १० लिहिलेलं घ्या. ४ जीबीला फाइल तुटते ती कार्डाच्या एफएटी३२ फॉरमॅटमुळे, आणि २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा कंपनीनेच घातलेली असते. व्हिडिओ चालू असताना झूम होत नसेल तर बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये ते मुद्दाम बंद असतं.

पाण्यात पडला तर चालू होतो का ते बघायचा मोह आवरा, बॅटरी आणि कार्ड ताबडतोब काढा, सगळी झाकणं उघडी ठेवून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात काही दिवस ठेवा. तांदळाने विशेष काही होत नाही, उलट पीठ आत जातं. खारं पाणी असेल तर फारशी आशा ठेवू नका. गार खोलीतून एकदम दमट हवेत गेल्यावर लेन्सच्या आत वाफ धरते ती पुसायची नसते, बाहेर जाण्याआधी कॅमेरा झिप पिशवीत बंद करायचा आणि पिशवी बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ६० टक्क्यांच्या वर दमटपणा राहिला की वाढते, छोट्या कॅमेऱ्यात ती साफ करणं परवडत नाही.

सेकंडहँड घेताना हेच सगळं उलट्या क्रमाने वापरा. आपली चार्ज केलेली बॅटरी आणि योग्य कार्ड बरोबर न्या, झूम पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत दोन-तीनदा करून आवाज ऐका, पांढऱ्या भिंतीचा एक झूम फोटो, एक फ्लॅशचा, एक बाहेर उन्हातला, अर्धा मिनिट व्हिडिओ, मग बंद करून परत चालू करा आणि तारीख विचारतो का बघा. तारीख विचारली तरी चालेल, झूमच्या आवाजात खरखर असेल तर परत ठेवा.